सातवे कलम आणि जायफळाची सहाण

माझे शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचे. चौथीची शाळा खाडीपलीकडे होती, आणि वडील गेल्यावर होडीत बसून शाळेला जाणे मागे पडले ते पडलेच. तेव्हा लिहिण्यात चुका असतील. हे लिहायला मला काळ्यांनी बसवले. काळे कॉलेजात शिकतात, आमच्या वसतिगृहात राहतात, आणि या हकिगतीत त्यांची एक झोप येते. ते म्हणाले, "विसूभाऊ, बोलता तसं लिहा. वेलांट्या मी बघतो."

मी नाशकात त्या वसतिगृहाचा आचारी आहे. घर राजापूरच्या खाडीकाठी. तिथून बोटीने मुंबई आणि मुंबईहून आगगाडीने इकडे. घरी आई एकटी.

मला जो आजार झाला त्याचे नाव घ्यायला मी तीन वर्षे भ्यालो. म्हणून आता आधी तेच लिहून टाकतो. अफू.

मोहरीएवढी

नाशकात आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात मला आव झाली. चुलीपुढे उभे राहवेना. परक्या गावात आचाऱ्याने आजारी पडायचे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तीस-पस्तीस मुले ताटे घेऊन बसतात, त्यांना काय सांगणार? आमच्याकडे पोट बिघडले की जायफळ आणि मोहरीएवढी अफू सहाणेवर उगाळून चाटवतात. परवान्याच्या दुकानातून आणली आणि चाटली. पंधरा दिवसांत आव गेली.

गोळी मात्र गेली नाही. एक दिवस चुकवली की नाक गळे, जांभयांवर जांभया येत, पायांचे सांधे कुणी आतून पिळतेय असे होई आणि पोटात पुन्हा मुरडा उठे. मला वाटे, पाहा, आव अजून आहेच, औषध सोडून कसे चालेल? ही माझी चूक. ही चूक माझ्या एकट्याची नसावी असे आता वाटते, म्हणून ठळक सांगतो. गोळी थांबवल्यावर जे दुखते ते जुने दुखणे नसते. ते गोळीचेच असते.

मोहरीचा तीळ झाला, तिळाची ज्वारी, ज्वारीची तूर. डबी मसाल्याच्या फळीवर, जायफळाच्या मागे.

सही

आमच्या वसतिगृहाचे रेक्टर प्रोफेसर घारपुरे. कॉलेजात गणित शिकवतात. दारूच्या दुकानांपुढे गिऱ्हाइके अडवण्याची निरोधने चालली होती तेव्हा हा माणूस छत्री मिटून उन्हात उभा असे, कारण छत्रीच्या सावलीत निरोधन कसले, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी वसतिगृहाची नियमवही केली होती. तिच्यातले सातवे कलम मला पाठ आहे: या छपराखाली दारू, अफू, गांजा, भांग किंवा दुसरे कोणतेही मादक द्रव्य जवळ बाळगणाराने अथवा सेवन करणाराने त्याच दिवशी वसतिगृह सोडावे.

जूनमध्ये मुले आली की पहिल्या जेवणाआधी वही पंगतीत फिरे. प्रत्येकाने सातवे कलम मोठ्याने वाचायचे, सही करायची, मगच त्याच्या पानात शिरा. आणि सगळ्यांत वर सही माझी. घारपुरे म्हणत, "ज्याच्या हातचं खायचं, त्याची सही आधी."

तीन वर्षे मी ती केली. अफू हा शब्द वाचताना आवाज जरासुद्धा हलला नाही. मनात म्हणे, माझे औषध आहे, व्यसन नव्हे.

यापुढचे लिहिताना हात जड होतो. दुसऱ्या वर्षी पौषात बापू निकम नावाच्या मुलाच्या ट्रंकेत मी मोहाच्या दारूची बाटली पाहिली. सटाण्याकडचा मुलगा, इंटरला होता, जेवताना फार बोलत नसे. हरसूलच्या बाजाराला गेला होता, तिकडून आणली होती. मी जाऊन घारपुऱ्यांना सांगितले. त्याला काही विचारले नाही, थेट सांगितले. त्याचे नाव वहीत तांबड्या शाईने खोडले गेले आणि तिसऱ्या प्रहरी टांग्यात ट्रंक चढली. जाताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "भाकरी चांगली व्हायची तुमची."

मी आत गेलो आणि डबी काढली.

पाडवा

मागच्या पाडव्याला श्रीखंड-पुरीचा बेत होता. परीक्षा तोंडावर आलेली, पण सणाला मुलांना गोड नको का? सकाळी मी माझी गोळी उगाळून घेतली. तोवर ती हरभऱ्याएवढी झाली होती. मग चक्का फेटायला घेतला, साखर घातली, वेलची घातली आणि सहाण ओढून दुधात जायफळ उगाळले. उगाळून श्रीखंडात कालवले. पातेल्यावर ताट झाकले आणि तेव्हा माझी नजर सहाणेवर गेली.

सहाण मी धुतली होती का?

रोज धूत असे. त्या दिवशी धुतल्याचे आठवेना. न धुतल्याचेही आठवेना. श्रीखंड फेकून द्यावे तर कारण काय सांगू? पंगत बसली होती. "विसूभाऊ, येऊ द्या!" अशी हाकाटी चालली होती. मी वाढले. हे मी केले. सगळे कबूल करायचे ठरवले आहे, तर हेही आलेच.

जेवून मुले आडवी झाली. पाडव्याला श्रीखंड जेवून कोण झोपत नाही? पण चार वाजता सगळे उठले आणि काळे उठेनात. तीन वाट्या खाल्ल्या होत्या त्यांनी. कुणी पायाला गुदगुल्या केल्या, कुणी पाणी शिंपडले. पोरे हसत होती. "काळ्याची परीक्षा श्रीखंडानं घेतली!" मी दारात उभा होतो. अंगाने एवढासा मुलगा, वाईला विधवा आई, एकुलता एक. त्यांची छाती खालीवर होतेय की नाही तेवढेच मी पाहत होतो.

मग मी स्वयंपाकघरात गेलो, सहाण आणि डबी उचलली आणि घारपुऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय विष्णू?"

"अफू," मी म्हटले. "माझी. आणि ही सहाण. काळे उठत नाहीत."

 ते आधी धावत काळ्यांकडे गेले. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर आला. त्याने काळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, नाडी पाहिली, तेवढ्यात काळ्यांनी डोळे उघडून विचारले, "चहा झाला का?" सगळे पुन्हा हसले. डॉक्टर म्हणाला, मुलाला काही नाही, आठ दिवसांच्या जागरणाची झोप आहे. असेलही. मला आजवर कळलेले नाही. ते कळणारही नाही, आणि मला वाटते हीच माझी शिक्षा आहे.

डॉक्टर निघाला तेव्हा घारपुरे म्हणाले, "थांबा. दुसरा रोगी बघायचाय."

हरभऱ्याएवढी

डॉक्टरने मला खिडकीशी उभे केले, उजेडात डोळे पाहिले. म्हणाला, "टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या झाल्यात. किती घेतोस?"

"हरभऱ्याएवढी."

"सुरुवात?"

"मोहरी. आव झाली होती."

"आव कधी गेली?"

"जात नाही, साहेब. गोळी सोडली की येते."

त्याने मला बाकावर बसवले. मग इतक्या हळू बोलला की मला रडू आले. "आव तीन वर्षांपूर्वीच गेली रे बाबा. आता तू या गोळीनं आजारी आहेस. आजार आहे, तो मी बघतो. लबाडी वेगळी. ती तुझी तू बघ."

आजार आहे, हे मला कुणी पहिल्यांदा सांगत होते. मी चोर आहे एवढेच मला माहीत होते.

मी वळकटी बांधली. त्याच दिवशी सोडायचे, कलमच तसे होते. घारपुरे माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यापर्यंत चालत आले.  दारात वळकटी माझ्या हातात दिली आणि वळले. मला वाटले, संपले. नोकरी गेली, छप्पर गेले. आईला काय कळवू?

दवाखाना

पहिले आठ दिवस कसे गेले ते फार लिहीत नाही. ज्याला जायचे आहे त्याने भिऊ नये, एवढ्यासाठी थोडे सांगतो. घाम येतो, थंडी वाजते, पाय आपले राहत नाहीत, माणूस लहान मुलासारखा रडतो. पण त्याने मी मेलो नाही. डॉक्टर म्हणे, "मरत नसतोस. मेल्यासारखं वाटतं तेवढंच."

सकाळी फिनेलचा वास आला की दिवस उजाडला असे समजायचे. मग तापमापक, मग दूध, मग सिस्टर मार्थाबाई. त्या शरणपूरच्या ख्रिस्ती. पांढरे पातळ, पायात करकरणाऱ्या वहाणा. पहिले दोन दिवस मी त्यांच्या हातचे दूध घेतले नाही. लिहायला लाज वाटते. ज्या माणसाने तीस मुलांना कशाचे श्रीखंड वाढले त्याचे त्याला ठाऊक नाही, तो दुधाला विटाळ मानत होता! त्या रागावल्या नाहीत. पेला खिडकीत ठेवून म्हणाल्या, "ठेवते हं. दुधाला काय, ते कुणाच्याही हातून येतं." तिसऱ्या दिवशी मी ते प्यालो. चौथ्या दिवशी त्यांच्याच हातून प्यालो, कारण माझा हात पेला धरीना.

डॉक्टरने गोळी एकदम तोडली नव्हती. रोज थोडी लहान करायची. मार्थाबाई तळहातावर ठेवून आणत. हरभरा, तूर, ज्वारी, ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने खाली. तिळाएवढी आली आणि तिच्यानंतर पुन्हा ज्वारीएवढी गोळी आली. मी तोंडात टाकली. ती कणकेची होती. आचारी माणूस मी, जन्मभर कणीक तिंबलेली, मला कळू नये? पण मार्थाबाई एवढ्या आशेने माझ्याकडे पाहत होत्या की मी मुकाट गिळली. "बरं वाटतं?" "वाटतं," म्हटले. आठ दिवस त्यांनी मला फसवले आणि आठ दिवस मी त्यांना. गंमत अशी की ती कणकेची आहे हे ठाऊक असूनही मला खरेच बरे वाटे.

उस्मानचाचा

शेजारच्या खाटेवर उस्मानचाचा होते. टांगेवाले. नाशकातल्याच द्वारका नाक्यावर टांगा उलटून पाय मोडलेला. मी कापायला लागलो की म्हणत, "अरे भटजी, किती कापशील? माझी घोडी पावसात उभी राहून एवढी कापत नाय." आणि आपले कांबळे माझ्या अंगावर फेकत.

एकदा त्यांनी विचारले, कुठल्या बोर्डिंगचा? मी सांगितले. चाचा उठून बसले.

"तिथला एक पोरगा मी नेला होता. पेटी घेऊन, मोटारस्टँडवर. साल-दीड साल झालं असेल. सारा रस्ता माय, माय करत रडत होता. मी म्हटलं, क्या हुआ बेटा, घरी चालला ना, माय भेटेल. तर बोलला, माय महिन्यामागं वारली. परीक्षेमुळे घरच्यांनी दहाव्याला कळवलं." चाचांनी पाय सावरला. "मी बोललो, तुझ्या बोर्डिंगात कुणाला माहीत नाय? तर बोलला, कुणी विचारलंच नाय."

चाचांना माझे काही माहीत नव्हते. ते बोलून गेले आणि विड्याच्या पानासाठी उशीखाली चाचपत बसले. मी भिंतीकडे तोंड केले.

त्या दिवशी गोळीची आठवण जितकी आली तितकी पुन्हा कधी आली नाही. हेही सांगून ठेवतो. अंगाचे दुखणे सरते तेव्हा दुसरे दुखणे सुरू होते, आणि त्याच्यावर गोळी फार छान चालते. म्हणून त्या वेळी माणूस पाहिजे. मी मार्थाबाईंना हाक मारली आणि कार्ड मागितले. निकम सिन्नरला शाळामास्तर झाल्याचे मुलांच्या बोलण्यात ऐकले होते. लिहिले: "मी विष्णू आचारी. तुमच्यासारखीच चूक माझी होती, माझी मोठी होती. तुमचे सांगितले, माझे लपवले. मला तुमची आई माहीत नव्हती. मी विचारले नाही. सरकारी दवाखान्यात आहे." काना-मात्रा तपासायला तेव्हा काळे नव्हते.

आईचे पत्र

आईला मी खरे कळवले होते. तिचे उत्तर पंधरा दिवसांनी आले, गावच्या पोस्टमनच्या, तात्यांच्या, अक्षरात. आई सांगे तसे ते लिहून घेत.

"चिरंजीव विसूस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र तात्यांनी वाचून दाखवले, ते वाचताना अडखळले, मी म्हटले वाचा. बाळा, यात तुझा दोष नाही. तू सहा महिन्यांचा होतास. लावणीला जायचे तर तुला कुठे ठेवू, म्हणून मी तुला अफूची बाळगोळी द्यायची आणि शेताच्या मेरेवर निजवायची. सगळ्याच द्यायच्या. तू शहाण्यासारखा झोपून राहायचास. मला वाटायचे, किती गुणी पोर. आता दोन दिवस झाले, माझ्या घशाखाली घास उतरत नाही. डॉक्टरसाहेबांना माझे सांग की पहिली गोळी आईने दिली. ओरडायचे तर मला ओरडा."

मी ते पत्र डॉक्टरला दाखवले. त्याने वाचले, घडी केली आणि म्हणाला, "तिला लिही, डॉक्टर म्हणतो, सहा महिन्यांची गोळी केव्हाच उतरली. जेवायला सांग तिला." मी तसे लिहिले. ती जेवली. तात्यांनी पुढच्या पत्राच्या शेवटी मुद्दाम स्वतःहून लिहून पाठवले: जेवली.

पाहुणे

एका रविवारी निकम आले. धोतर, टोपी, मास्तरांसारखी छत्री काखेत. आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मला तोंड वर करवेना.

उस्मानचाचांनीच ओळखले. "अरे, पेटीवाला बेटा!"

निकम हसले, खाली बसले. "कार्ड मिळालं," म्हणाले.  मग एकदम, घरच्या बोलीत, "मनी माय गयी व्हती, विसूभाऊ. मला नुसतं झोप यायला पाहिजे होती. एक घोट घेतला होता फक्त. घाण लागली."

"मी तेव्हा विचारलं असतं तर..."

"तर सांगितलं असतं. तुमची भाकरी मायसारखी व्हायची म्हणून तर तुमच्यासमोर बसायचो." त्यांनी पिशवीतून दोन पेरू काढले. "खा. सिन्नरचे आहेत. पोट बरं शे ना?"

मी पेरू खाल्ला. तीन वर्षांत पोटाला न भिता खाल्लेली ती पहिली वस्तू.

घारपुरे आले ते त्याच्या पुढच्या आठवड्यात. स्टुलावर ताठ बसले. मी आधीच ठरवून ठेवले होते, आपणच म्हणायचे. म्हटले, "साहेब, मी गावी जातो. सातवं कलम मोडलं मी."

"मोडलंस," ते म्हणाले. "कलम काय म्हणतं? त्याच दिवशी वसतिगृह सोडावं. सोडलंस ना? मी पोहोचवायला होतो. कलम पाळलं गेलं." घसा साफ केला. "परत यायचं नाही असं त्यात कुठं लिहिलंय? मी चार वेळा वाचून बघितलं. महिनाभर मुलं कच्च्या पोळ्या खाताहेत."

मला आनंद झाला, आणि त्या आनंदातच जीभ अडली. गप्प बसणे सोपे होते. नोकरी परत मिळत होती, छप्पर मिळत होते. पण मी गप्प बसण्याचे फळ पाहिले होते.

"मग निकमांनाही नाही लिहिलेलं, साहेब," मी म्हटले.

घारपुऱ्यांचा चेहरा पडला. मी त्यांना निकमांच्या आईचे सांगितले. ते ऐकत राहिले. चष्मा काढून उपरण्याला पुसला, पुन्हा पुसला.  उठून गेले. मी दोन दिवस धास्तावून होतो की हातचे घालवले.

जून

कॉलेज उघडले. मी परत आलो त्या सकाळी पहिली गोष्ट केली ती ही की जुनी सहाण गोदावरीत सोडली आणि नवी आणली. जायफळ फळीवरून काढून टाकले. अजून पोटात कळ आली की हात त्या जागेकडे जातो. तिथे आता बडीशेप आहे. हात जातो म्हणून घाबरायचे नाही, असे डॉक्टर म्हणतो. काय हाताला लागते ते बघायचे.

पंगत बसली. वही आली. सातवे कलम होते तसेच होते, पण त्याच्याखाली घारपुऱ्यांच्या बारीक अक्षरात नवी ओळ होती: "नाव खोडण्यापूर्वी कारण विचारावे. जो स्वतः येऊन सांगेल त्यास प्रथम दवाखान्यात पोहोचवावे व बरा झाल्यावर परत आणावे."

मी उभा राहून वाचले. अफू या शब्दाशी आवाज फुटला. कुणी हसले नाही. सही केली, सगळ्यांत वर.

वही फिरत फिरत शेवटच्या पाटावर गेली. तिथे निकम बसले होते. राहिलेले इंटर पुरे करायला शाळेतून वर्षाची रजा घेऊन आले होते. घारपुरे स्वतः सिन्नरला जाऊन त्यांना भेटून आले होते, हे मला नंतर कळले. मोटारीतून उतरले तेव्हा छत्री मिटलेलीच होती म्हणे, पाऊस असून. निकमांनी मागची पाने उलटली, तांबड्या शाईने खोडलेले आपले नाव काही वेळ पाहिले, मग कोऱ्या पानावर पुन्हा लिहिले.

मी शिरा घेऊन त्यांच्यापुढे वाकलो. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"विसूभाऊ, जायफळ शे का यात?"

सगळी पंगत थांबली. काळ्यांनी तर घास खाली ठेवला.

"नाही," मी म्हटले. "वेलची."

"मग दोन मुदी वाढा," निकम म्हणाले, आणि हात काढला.